अनुभव धागा: कॅम्पसवर 'चालायचंच' म्हणून सोडून दिलेलं

भाचीने परवा विचारलं, "मावशी, सर प्रॅक्टिकलला मागून वाकून मायक्रोस्कोप फोकस करून देतात. फक्त मुलींनाच. याला काही म्हणतात का गं?" मला चटकन उत्तर सुचलं नाही. आपल्याशी होतंय तो लैंगिक छळ आहे, हे तुम्हाला कधी कळलं, मग काय केलंत? लिहा. कॉलेजचं, माणसांचं नाव नको.

जुनी विद्यार्थिनी
मी १९९४ची. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरचा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल आला १९९७ला, त्यामुळे तक्रार घेणारी कमिटी वगैरे काही नव्हतंच. एका सरांकडे जर्नलवर सही घ्यायला तिघींनी मिळून जायचं, हे सीनियर मुलींनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलेलं. आम्हीही पुढच्या बॅचला सांगितलं. या हुशारीचा बरीच वर्षं अभिमान होता. म्हणजे अख्ख्या मजल्याला माहीत होतं की!

पीएचडीवाली
माझ्या गाइडचे मेसेज रात्री अकरानंतर यायचे. "जागी आहेस?" मी मुकाट्याने चॅप्टरबद्दल उत्तर द्यायची. मग "आज साडीत वेगळीच दिसत होतीस." मग कॉन्फरन्सला दोघांत एकच खोली, "बजेट नाही" म्हणून. मी गेले नाही, तर सहामाही प्रगती अहवाल सहीविना टेबलावर पडून राहिला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की मेसेज आणि सही एकाच दोरीची दोन टोकं आहेत.

अंतर्गत तक्रार समितीकडे तक्रार तीन महिन्यांत करायची असते. खोलीच्या प्रकाराला चार होऊन गेले होते. उशीर का झाला ते लेखी दिलं. समिती आणखी तीन महिने देऊ शकते, तशी दिली. सगळ्यात उपयोगी पडलं ते म्हणजे चौकशी चालू असतानाच माझं मूल्यमापन त्यांच्याकडून काढून घेतलं. हे मागता येतं हे मला समितीतल्या बाहेरच्या सदस्य बाईंनी सांगितलं, डिपार्टमेंटमधल्या कुणीही नाही. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी होती, लांबली. तोवर मी चहाला गेले की टेबलावर एकदम हवापाण्याच्या गप्पा. ठपका आला, गाइड बदलला. वर्ष गेलं ते गेलंच.

होस्टेलचा
मुलगा आहे, लिहू का? सीनियर टॉवेल ओढायचे, व्हिडिओ काढायचे. मी रॅगिंग म्हणूनच तक्रार केली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) लैंगिक छळाबद्दलच्या २०१५च्या नियमांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही आहेत, हे फार उशिरा कळलं.

समितीत होते
विभागप्रमुखांचा फोन ठरलेला: "मॅडम, आपसात मिटवून टाका ना." विभागप्रमुख, कुलसचिव यांना समितीत बसताच येत नाही, ते याचसाठी. प्रकरणात विद्यार्थी असेल तर तीन विद्यार्थी सदस्य लागतात; आमच्याकडे ती नावं वर्षभर रिकामी होती. आणि सदस्यांच्या नावांचा बोर्ड? झेरॉक्स मशीनच्या मागे. मुलींनो, तारीख, वेळ, जागा, कोण होतं, त्याच दिवशी लिहून ठेवा. मेसेज डिलीट करू नका, कितीही किळस आली तरी. शैक्षणिक सहलीत, बसमध्ये घडलेलंही यात येतं.

मावशी (धागाकर्ती)
सगळं भाचीला वाचून दाखवलं. ती जर्नल घेऊन बसली आणि प्रॅक्टिकलच्या तारखांवरून एकेक आठवत मागच्या पानावर लिहायला लागली. सगळ्यात जुनी निघाली सात आठवड्यांपूर्वीची. पार्टनरलाही विचारते म्हणाली, तिच्या जर्नलमध्ये अजून असतील.