बालवाडीतली पोरंही निरक्षर?

'मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभे राहतात ते अडाणीच', म्हणजे श्रद्धाळू तेवढे अशिक्षित, हे पटवायला तुम्ही तुमच्या पोस्टमध्ये २०११ च्या जनगणनेतले ३६.४ टक्के निरक्षर हिंदू आणि ४२.७ टक्के निरक्षर मुस्लिम आणलेत. अहो, त्यात शून्य ते सहा वर्षांची पोरंही निरक्षर धरली आहेत! साक्षरतेचा दर सात वर्षांपासून पुढे काढतात. तसा काढला की निरक्षर मुस्लिमांचा आकडा साडेएकतीस टक्क्यांच्या आसपास येतो. ज्या समाजात लहान मुलं जास्त, त्याचा आकडा जास्त फुगतो.

शिवाय जनगणनेतला तो रकाना धर्म विचारतो, श्रद्धा नाही. देवळाची पायरी न चढणाराही तिथे 'हिंदू'च लागतो. आणि साक्षरतेत सगळ्यांच्या वर जैन आहेत, पर्युषणात उपवास करणारे. (हाही पुरावा नव्हे, तुमच्याच मापाने मोजलं.)