भाड्याच्या घरात गुलाबाई बसवायची, भिंतीला हात न लावता

(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा. गुलाबाई म्हणजे पार्वतीचं रूप, खान्देशात मुली भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर बसवतात.)

*बी-२०४:* नमस्कार सगळ्यांना 🙏 मी जूनमधे राह्यला आलेली, अजून सगळ्यांची ओळख नाही. एक विचारायचं होतं. आमचे पाच दिवसाचे गणपती काल गेले, आता पौर्णिमेला मुलीला गुलाबाई बसवायची आहे, पहिल्यांदाच. मैत्रिणी रोज संध्याकाळी गाणी म्हणायला येणार आणि हॉलची भिंत एकदम कोरी. तिनं मोबाईलवर बघून ठेवलंय, लाल नारिंगी पानांच्या माळा, मधे फोटो, बारीक लाईट, शरद ऋतूचं डेकोरेशन म्हणे. घर भाड्याचं आहे, करारात लिहिलंय भिंतीला खिळा मारायचा नाही, डिपॉझिट पण मोठं आहे. कोणी असं काही केलं असेल तर सांगा ना

*ए-१०२:* ताई डबल टेप लावा. सगळे तेच लावता. काही होत नाही

*सी-३०१:* काही होत नाही म्हणे 😂 भाऊ माझी गोष्ट ऐका मग बोला. इथे फ्लॅट घ्यायच्या आधी आम्ही दुसऱ्या गावी भाड्यानं होतो, पोराच्या पहिल्या वाढदिवसाला १२ महिन्यांचे १२ फोटो त्या जाड स्पंजवाल्या डबल टेपनं लावले, दिसले लई भारी, काढायला गेलो तर फोटोच्या मागे टेप, टेपच्या मागे रंग आणि रंगाच्या मागे पुट्टी, असे तळहाताएवढे १२ पोपडे. मी हुशारी केली, पुट्टी भरली, घासली, दुकानातून तोच शेड नंबर आणून ब्रश मारला. तोच नंबर बरं का. तरी १२ ठिपके वेगळे दिसू लागले कारण भिंतीवरचा रंग चार वर्षात उडालेला आणि माझा नवा करकरीत. शेवटी मालकानं पूर्ण भिंतीच्या रंगाचे पैसे कापले, आणि खरं सांगतो भांडायला मला तोंडच नव्हतं

*ए-१०२:* मग आमच्याकडे कसा नाही निघाला पोपडा

*सी-३०१:* तुमचा स्वतःचा फ्लॅट आहे, तुम्ही अजून काढलाच नाही टेप

*चेअरमन अण्णा:* 😄 आरती साडेसातला आहे, वेळेवर या. प्रसाद आज डी विंगकडे. चर्चा चालू द्या.

*तळमजला बापू:* ताई मी ३० वर्षं रंगाचं काम केलं, पोरगा टाईप करून देतोय मी बोलतोय. आधी टेप हुक काही घेऊ नका, आधी भिंतीवर माल कोणता मारलाय ते बघा. कोरडं बोट दाबून भिंतीवर घासा. बोटाला पांढरी पावडर लागली का समजायचं डिस्टेंपर नाहीतर नुसता चुना. भाड्यानं द्यायच्या घराला बरेच मालक तोच मारता, स्वस्त पडतो. त्याच्यावर टेप राहतच नाही, कारण टेप चिकटतो पावडरला आणि पावडरची भिंतीवर पकड नाही, दोन दिवसात सगळं खाली. आणि चिकटलाच तर निघताना पोपडा घेऊन निघतो, जसं वरच्या भाऊंचं झालं. प्लास्टिक पेंट असला तर ओलं फडकं फिरवलं तरी फडक्याला रंग लागत नाही, तिथे चांगल्या कंपनीचा टेप काम करतो. पण पेंट नवीन मारलेला असला तर महिनाभर दम धरा, वरून वाळला तरी आतून कच्चा राहतो. आणि आता पाऊस संपत आला, पश्चिमेच्या भिंतीला ओल असते, पोपडे फुगलेले असता, तिथे हातच लावायचा नाही

*बी-२०४:* बापू बोट घासलं. पूर्ण पांढरं झालं 😭

*तळमजला बापू:* मग चिकटवायचा विषय संपला

*बी-२०४:* साधा कागदी मास्किंग टेप पण नाही? तो तर हलका असतो ना

*तळमजला बापू:* प्लास्टिक पेंटवर चालतो. आधी मास्किंग टेप, त्याच्यावर डबल टेप, मग कागदाची फुलं वगैरे, वजन नको. तो पण आठ-पंधरा दिवसात काढून घ्यायचा, उन्हात राहिला का कडक होतो मग नखानं खरडत बसा. डिस्टेंपरवर तो पण पावडर घेऊन येतो. तुमच्या हॉलला काहीच नाही

*बी-४०१:* आज पाणी येणार का कोणाला माहीत आहे का

*डी-१०१:* कालच आलं ना, आता परवा

*बी-४०१:* वाघूर धरण भरलं म्हणता आणि नळाला तिसऱ्या दिवशी, काय भो

*चेअरमन अण्णा:* पाण्याचा वेगळा ग्रुप आहे.

*ए-३०३:* ताई मी पण भाड्यानंच आहे, आधी पुण्यात पीजीत होते, भिंत न खराब करता सजवण्यात माझी पीएचडी झालीये 😎 भिंत नाही तर नाही, घरात चिकटायला बाकी खूप जागा आहेत. दरवाजाला ऑईल पेंट असतो, किचनच्या टाइल्स, खिडकीची काच, फ्रिज, लोखंडी कपाट. कपाटाला लोहचुंबक लावा, काढायची पण कटकट नाही. टाइल्स आणि दरवाजाला ते शेपटीवाले हुक येता, ज्याची पट्टी ओढून काढायची असते. फक्त ते लावायची पद्धत कोणी वाचत नाही आणि मग पडले म्हणून ओरडता. आधी स्पिरिटनं पुसायचं, साबणाच्या पाण्यानं नाही, साबणाचा थर राहतो. मग अर्धा मिनिट जोरात दाबून धरायचं. मग तासभर काही टांगायचं नाही. पाकिटावर वजन लिहिलेलं असतं, त्याच्या निम्मंच धरून चालायचं हे माझं मत. आणि काढताना आपल्याकडे नाही ओढायचं, भिंतीला चिकटूनच पट्टी सरळ खाली ताणायची, हळूहळू लांबते आणि सुटते. आपल्याकडे ओढली का मग बापू म्हणता तसं, पोपडा

*सी-३०१:* मला कोणी तेव्हा सांगितलं असतं तर

*ए-३०३:* दादा तुमचे फोटो पण निघाले असते. केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा मारायची, गोंद मऊ होतो, मग मागून दोरा करवतीसारखा चालवायचा. राहिलेला गोंद अंगठ्यानं चोळून गोळ्या करून काढायचा

*ए-१०२:* खोबरेल तेल लावलं का गोंद निघतो, आमची आई तेच करते

*तळमजला बापू:* काचेला टाइलला लावा. भिंतीला तेल लावाल तर डाग पडेल आणि त्या डागावर नवा रंग पण बसत नाही

*डी-२०२:* माझी आजी मागे बसून सगळं ऐकतेय, म्हणते अहिराणीतच लिहून टाक (काब्र म्हणजे कशाला): "पोरी, भित आपली नही से ते तिले काब्र तरास देवाना? गुलाबाई पाटवर बठस, भितवर नही."

*बी-२०४:* 😂😂 आजींना नमस्कार सांगा

*सी-४०२ मावशी:* आजी बरोबर बोलल्या. मी सकाळपासून वाचतेय, सगळे टेपवरच अडकले. मला आधी हे सांगा ती नारिंगी पानं कोणत्या झाडाची? ती मेपलची. थंड मुलुखातलं झाड आहे, तिकडे या दिवसात दिवस लहान होतो, गारठा पडतो, पानातला हिरवा रंग ओसरतो आणि मग तो लाल-पिवळा तमाशा दिसतो. आपल्याकडे शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, पानगळ नाहीच. आत्ता सातपुड्याकडे जाऊन बघा, यावल, पाल, सगळं हिरवंगार. साग, पळस पानं टाकता ते थंडी सरताना, पार शिशिरात. आपला शरद म्हणजे शेतातून माल घरात येतो तो. बाजरीची कणसं भरली, उडीद-मूग निघाले, बागायती कापसाची बोंडं फुटायला लागली, महिन्याभरात झेंडू येईल, दसऱ्याला आपटा. एवढं सगळं फुकट असताना प्लास्टिकची पानं ऑनलाईन मागवायची आणि तीनशे रुपये द्यायचे, मला तरी नाही पटत

माझ्या माहेरी चोपड्याकडे गुलाबाईला आम्ही ज्वारीचे धांडे म्हणजे उभी ताटं आणायचो, हिरवी, पानासकट. चार धांडे चौरंगाच्या चार पायांना सुतळीनं बांधायचे, वर टोकं एकत्र, झाला मखर. भिंतीचा संबंधच नाही, उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा. तेव्हा घर मातीचं होतं, खिळा ठोकला तर अर्धी भिंत खाली आली असती, म्हणून असेल. त्या मखराला आम्ही कपाशीची बोंडं टांगायचो, कागदाच्या चिमण्या, बांगड्यांची माळ. गुलाबाई मधे, तिचा नवरा गुलोबा शेजारी. माझ्या भावानं एकदा गुलोबाला घड्याळ काढून दिलं पेननं 😄

*बी-२०४:* मावशी हे किती भारी आहे!! पण धांडे कुठे मिळणार शहरात

*सी-४०२ मावशी:* शनिवारच्या बाजाराच्या दिवशी खेड्यावरून येणाऱ्या कोणालाही सांग. नाहीतर माझा भाचा येणार आहे रविवारी, गाडीत टाकून आणेल. एक पेंढी पुरे

*बी-१०३:* धांड्याला मावा किडीची चिकट असते, गोड गोड, मुंग्या लागता. ओल्या फडक्यानं पुसून दिवसभर उन्हात उभे करा मग घरात घ्या. स्वानुभव.

*ए-३०३:* आणि ताई मागे पडदा पाहिजेच असेल तर साडी. दोन भिंतींच्या मधे अडकणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो, दाबून बसवायचा, बाथरूमच्या पडद्याला वापरता तो. पण तो फक्त अरुंद जागेत, पॅसेजमधे, किंवा खिडकीच्या चौकटीत. हॉलच्या दहा-अकरा फुटाला लावाल तर मधे वाकेल आणि टोकाच्या रबराचे काळे गोल भिंतीवर. हॉलमधे खिडकीच्या ग्रीलपासून बेडरूमच्या दाराच्या वरच्या कडीपर्यंत दोरी ताणा, त्यावर साडी, साडीला टाचणीनं फोटो, माळा, सगळा पसारा साडीवर. भिंतीला फक्त वारा लागेल

*डी-२०२:* आजी म्हणते साडी सुती घे, सिल्क घसरते

*बी-१०३:* लाईटच्या माळा पण साडीवरच अडकवा. आणि हे महत्वाचं आहे म्हणून लिहितो, कापसाची बोंडं आणि पणती जवळ नको. हात-दीड हात लांब ठेवा, पोरी फिरता, ओढण्या असता. पणती भिंतीला टेकवून पण ठेवू नका, काजळीचा वर जाणारा पट्टा पडतो, पुसला का पसरतो. दिवाळीत दर वर्षी आपल्या जिन्यात तेच होतं

*चेअरमन अण्णा:* जिन्याचा मुद्दा बरोबर. नोंद घेतली.

*तळमजला बापू:* झेंडूच्या माळा ओल्या भिंतीला लावू नका, पिवळं उतरतं. कुंकवाचे हाताचे छापे पण कागदावर घ्या आणि कागद दाराला लावा. आणि ताई समजा कधी मालकानं हो म्हटलं खिळ्याला, तर लाईटच्या बोर्डाच्या बरोबर वर आणि खाली ठोकू नका, आतून वायरचा पाईप उभा जातो. मी दोन जणांना झटका बसलेला पाह्यलाय. भोक पडलं तर टूथपेस्ट भरायचं सोडा, पिवळी पडते आणि चिरते. पुट्टीची छोटी पुडी आणा, वाळली का बारीक पॉलिश पेपर

*सी-३०१:* आणि लावायच्या आधी सगळ्या भिंतींचे फोटो काढून ठेवा, आधीचे डाग, आधीचे खिळे, सगळं. मालकाला लगेच पाठवून द्या म्हणजे तारीख राहते. मी पाठवले असते तर त्यातला अर्धा पोपडा आधीचा होता हे तरी सांगता आलं असतं

*ए-१०२:* आत्ता तर म्हणाले तोंड नव्हतं 😂

*सी-३०१:* अर्धं होतं

*बी-२०४:* थँक्यू सगळ्यांना 🙏🙏 फोटो काढते आजच. रविवारी मावशी मी खाली येते धांडे घ्यायला

*(नऊ दिवसांनी)*

*बी-२०४:* 📷 📷 📷 उशीर झाला पाठवायला. गुलाबाई बसली पौर्णिमेला. धांड्यांचा मखर मावशींनी बांधून दिला, मी दोनदा बांधला तर दोनदा एका बाजूला कलला. मागे माझी जुनी बांधणी, सुतीच. नारिंगी पानं नाही, त्याऐवजी मुलीनं वर्तमानपत्राची पानं कापून चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली, तो भुरका रंग छान आला आणि ती साडीला टाचली. खिडकीच्या काचेला हवेनं चिकटणारे रबरी हुक लावले होते, त्यातला एक रात्री दोन वाजता पडला, मला वाटलं चोर. काच पुसलीच नव्हती मी. दारात बाजरीची चार कणसं लावली, चिमण्या येता, आणि खाली कचरा पण होतो, सी विंगच्या ताईंची माफी मागते, रोज झाडते

*सी-४०२ मावशी:* काल पोरींनी गाणी छान म्हटली. पण डबा हलवून ओळखायचा खाऊ तिसऱ्या डब्यालाच ओळखला, इतका सोपा ठेवू नको. डब्यात शेंगदाणे असले का आवाजावरून लगेच कळतं, खाली फडकं घालत जा

*बी-२०४:* हो मावशी 😄 आणि एक राहिलंच. फोटो काढायला कॅलेंडर काढलं तर मागे तीन जुने खिळे निघाले, आणि शोकेसच्या बाजूला एक मोठा हुक. मी घाबरले, म्हटलं हे माझ्या नावावर यायला नको, लगेच मालकांना फोटो पाठवले. त्यांचा फोन आला. म्हणे ते माझेच आहे ताई, माझ्या बहिणीची गुलाबाई तिथेच बसायची, त्या हुकाला पाळणा टांगायचो. तुम्हाला जे टांगायचं ते त्याच्यावर टांगा, नवीन तेवढा ठोकू नका

*ए-१०२:* म्हणजे खिळे होतेच???

*डी-२०२:* दोन दिवस आपण काय चर्चा केली मग

*तळमजला बापू:* हुक जुना आहे, आधी हातानं ओढून बघा हलतो का. मग टांगा

*बी-४०१:* मोटर कोणी चालू ठेवलीये, टाकी वाहून राहिली