तीस लाइफचा कॉन्ट्रा हा रडीचा डाव होता का?

कॅसेटफुंक्या:

परवा पुतण्याला कॉन्ट्रा हा जुना व्हिडिओ गेम लावून दिला. सुरुवातीच्या पडद्यावर वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए दाबलं आणि तीनच्या जागी तीस लाइफ आल्या. तो लगेच म्हणाला, "काका, हे चीटिंग झालं." त्याच्या मोबाइल गेममध्ये असलं काही करणाऱ्याचं खातंच बंद होतं, त्यामुळे तो तसं का म्हणाला ते कळतं. पण मला ते लागलं, आणि म्हणून हा धागा.

आम्ही मे महिन्यात इस्लामपूरला मामाकडे जायचो. दोन रिमोट आणि पाच पोरं. तिसऱ्या स्टेजला धबधबा येतो. तिथं वर वर चढत जायचं असतं, आणि पडदा वर सरकला की जो खाली राहिला तो मेला. मामेभाऊ धडाधड उड्या मारत सुटायचा आणि मी खाली मरायचो. माझ्या तिन्ही लाइफ तिथंच संपायच्या. हा कोड कुणी शिकवला नसता तर पाचवी बर्फाची स्टेज मी जन्मात पाहिली नसती. आणि तीस लाइफ घेऊनही मध्येच लाइट गेली की सगळं पहिल्यापासून, कारण तिथं सेव्ह नावाचा प्रकारच नव्हता.

लपंडावात आपण धाकट्याला लिंबूटिंबू घ्यायचो. तो सापडला तरी त्याच्यावर राज्य नाही. त्याला कुणी फसवणूक म्हणालं का? सगळ्यांना खेळता यावं म्हणून सगळ्यांनी मिळून दिलेली ती सवलत होती. हा कोडही तसाच, बनवणाऱ्यानं हाताने ठेवलेला. काझुहिसा हाशिमोतो 1986 साली 'ग्रॅडियस' घरगुती मशीनवर आणत होते. गेम इतका अवघड होता की तपासायला बसल्यावर त्यांना स्वतःलाच पुढं जाता येईना. म्हणून त्यांनी बटणांचा हा क्रम घातला आणि तो तसाच आत राहून गेला. 1988 च्या कॉन्ट्रात त्याच क्रमाने तीस लाइफ मिळू लागल्या. हाशिमोतो 2020 मध्ये गेले, तेव्हा जगभरच्या लोकांनी श्रद्धांजली म्हणून हीच बटणं लिहिली.

माझं म्हणणं एवढंच: चीट कोड ही फसवणूक नव्हती, तो पाहुणचार होता. तीच गोष्ट आज पैसे घेऊन विकतात आणि तिला कुणी चीटिंग म्हणत नाही, याचा मला राग आहे.

आठवी_स्टेज:

सपशेल असहमत. लिंबूटिंबूचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. तो पोरगा एक दिवस हट्ट धरतो की मला आता लिंबूटिंबू नको, माझ्यावर राज्य द्या. तो दिवस त्याच्यासाठी मोठा असतो. कोड मारणाऱ्याच्या आयुष्यात तो दिवस येत नाही.

मी कॉन्ट्रा कोडशिवाय संपवलाय. दोन सुट्ट्या गेल्या. सहाव्या स्टेजला आगीचे झोत येतात, ते ठरलेल्या वेळाने सुटतात आणि विझतात. तीस लाइफवाला त्यातून मरत मरत पार होतो, त्याला मोजायची गरजच पडत नाही. मी मोजायला शिकलो. एसची, म्हणजे पसरून गोळ्या मारणारी, बंदूक हातात असली की छातीत धडधडायचं, कारण एकदा मेलं की ती गेली, परत साधी बंदूक. ती धडधड म्हणजेच तो गेम. तीस लाइफ घेतल्यावर राहतं काय? नुसती चित्रं.

कासव३१:

मारिओत 3-1 या स्टेजच्या शेवटी पायऱ्यांवरच्या कासवावर नेमकी उडी मारली की लाइफ वाढतच जातात. ती चीटिंग की कौशल्य? कोड पाठ करायला दोन मिनिटं लागतात, ती उडी जमायला मला आठवडा लागला. आणि हावरटपणाला तिथं शिक्षाही आहे: 128 लाइफच्या पुढं गेलात तर आकडा उलटतो आणि पुढच्याच मरणाला गेम ओव्हर. मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं.

उजव्या_हाताचा:

आठवी, तुमची धडधड खरी आहे, पण "नुसती चित्रं" हे वाचून वाईट वाटलं. माझ्या डाव्या हाताची बोटं लहानपणापासून नीट वळत नाहीत. उडी आणि गोळी एकदम मारणं मला जमत नाही, कितीही सुट्ट्या घालवल्या तरी. 2018 च्या 'सेलेस्ट'मध्ये बनवणाऱ्यांनी असिस्ट मोड दिला. गेमचा वेग कमी करता येतो, मरण बंद करता येतं. मी वेग कमी करून तो डोंगर चढलो. शेवटच्या चढाला माझ्या छातीतही धडधड होती. तुमच्यापेक्षा कमी होती असं तुम्ही कशावरून म्हणता?

आठवी_स्टेज:

तुमच्याबद्दल तसं म्हणायचं नव्हतं, माफ करा. तो शब्द मागे घेतो. पण मामाकडच्या पाच धडधाकट पोरांबद्दलचं मत बदलत नाही.

स्क्वाडचा_चौथा:

तुम्ही सगळे एकट्यानं नाहीतर भावाबरोबर खेळलात. आम्ही रात्री चौघं अनोळखी लोकांविरुद्ध बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम खेळतो. समोरचा हॅक लावून येतो, त्याला भिंतीपलीकडची माणसं दिसतात. आम्ही वीस मिनिटं गवतातून रांगत शेवटच्या वर्तुळात पोचतो आणि तो खिडकीतून न बघता चौघांना उडवतो. माझा एक दोस्त यापायी खेळायचा बंद झाला. कोड गोड होता वगैरे ठीक, पण "मला जमत नाही म्हणून मी दुसऱ्या वाटेनं जाणार" ही सवय तिथूनच लागली. पुतण्या बरोबर बोलला.

कॅसेटफुंक्या:

हॅकवाल्याची बाजू मी घेणार नाही. त्याने चौघांची रात्र वाया घालवली. माझ्या तीस लाइफनी कुणाचं काय गेलं? धबधब्यावरच्या शत्रूचं? खेळणाऱ्या सगळ्यांना माहीत असलेली सवलत आणि समोरच्यापासून लपवलेली चोरी, या दोन गोष्टींना एकच शब्द लावू नका. हे भांडण कोर्टातही झालंय. गेम जिनी नावाचं यंत्र कॅसेटला लावून लाइफ वाढवता यायच्या, त्यावर गेम कंपनी निन्टेंडोनं कोर्टात बंदी मागितली आणि 1992 साली अमेरिकेच्या अपील न्यायालयातही ती हरली. विकत घेतलेला गेम घरी कसा खेळायचा हे घेणारा ठरवेल, असा त्याचा अर्थ.

बिल्ड_फुटला:

पुण्यात मोबाइल गेम बनवायचं काम करतो, म्हणून "पैसे घेऊन विकतात" यावर बोलतो. तेव्हा कॅसेट विकत घ्यावी लागायची, आणि गल्लीत एकाकडेच असायची. आज स्वस्तातल्या फोनवर गावातला पोरगा फुकट खेळतो. सर्व्हरचा खर्च, आमचे पगार कुणीतरी भरणारच. एकाने हौसेनं गेममधल्या पात्राला कपडे विकत घेतले म्हणून बाकीचे फुकट खेळले, तर त्यात पाप कुठं आहे?

कॅसेटफुंक्या:

कपडे विका, खुशाल विका. 2006 साली 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला काढलं तेव्हा लोक चिडले, आज मला ती चिडचिड लहान वाटते. ताकद विकू नका. 2017 चा 'बॅटलफ्रंट 2' आठवा. पूर्ण किमतीला घेतलेला गेम, आणि डार्थ व्हेडर, म्हणजे 'स्टार वॉर्स'मधला गाजलेला खलनायक, कुलपात. खेळून उघडायचा तर चाळीसेक तास लागतील असा हिशोब लोकांनी मांडला. त्यावर कंपनीचं उत्तर आलं की मेहनतीनं मिळवल्याचा अभिमान वाटावा म्हणून हे केलंय. रेडिट या चर्चेच्या साइटवर त्या उत्तराला साडेसहा लाखांवर नापसंतीची मतं पडली. आठवी, हे तुमचेच शब्द होते. तुमची धडधड कंपनीनं उचलली आणि दुकानाच्या दारावर पाटी म्हणून लावली.

आठवी_स्टेज:

हे मात्र मला पटलं, आणि माझ्या बाजूनेच पटलं. अवघड वाट मुद्दाम लांबवून शॉर्टकट विकणं हा मेहनतीचा अपमान आहे. कॉन्ट्राचा आगीचा झोत मला काही विकत नव्हता. पण त्यासाठी तुमचा कोड पवित्र मानायची गरज नाही. पुतण्याला तीन लाइफवर खेळू द्या. आणि धबधब्याला जो वर असेल त्याला थांबायला सांगा. तुमच्या मामेभावानं तेवढं केलं असतं तर तुम्हाला कोड लागलाच नसता.

कॅसेटफुंक्या:

आज दुपारी बसलो दोघं, कोड न मारता. धबधब्याला तो पुढं होता. प्रत्येक दगडावर थांबला आणि "या काका" म्हणाला. लाइफ संपल्यावर मिळणारे कंटिन्यू संपवत संपवत सहाव्या स्टेजला पोचलो आणि पहिल्या झोतात दोघंही मेलो. आता तो रिमोट सोडत नाहीये. कोड नको म्हणतोय. आठवी, ते झोत मोजायचे कसे?

आठवी_स्टेज:

अगदी जवळ जाऊन उभे राहा, दोनदा सुटू द्या, नुसते बघा. तिसऱ्यांदा विझला की पळा. आधी पुतण्याला जाऊ द्या.