प्रतिसाद: निम्मी पिल्लं काळी का?
ऱ्होड आयलंड रेड या लाल जातीचा कोंबडा आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडी यांची निम्मी पिल्लं कोरी काळी का, असं वर विचारलंय. अंडी कुणी बदलली नाहीत, निर्धास्त राहा! पट्ट्यांचं जनुक झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं. कोंबडीकडे झेड एकच, ते ती फक्त नर पिल्लांना देते. म्हणून नर पट्टेरी, माद्या काळ्या. पहिल्याच दिवशी नराच्या डोक्यावर पांढरट ठिपका बघा. लाल रंग काळ्याखाली दबतो. मोठ्या तलंगांच्या (तरुण माद्यांच्या) मानेवर मात्र तांबूस झाक दिसते.

जोडी उलटी लावलीत, म्हणजे शुद्ध पट्टेरी कोंबडा आणि लाल कोंबडी, तर सगळीच पट्टेरी. आणि या संकरित पिल्लांचीच आपसात पैदास केलीत, तर पट्ट्यांवरून नर-मादी ओळखणं विसरा.