‘झोरो’च्या जुन्या सीरियल : तबकडी सदोष आहे की मूळ चित्रपटच तसा आहे?

पारंबी (प्रश्न)

नमस्कार. वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’ या मुखवटाधारी नायिकेच्या चित्रपटाविषयी (१९३५) वाचता वाचता मी तिच्या अमेरिकी भावंडांकडे, म्हणजे रिपब्लिक पिक्चर्सच्या मुखवटाधारी नायकांच्या, भागाभागाने दाखवल्या जाणाऱ्या चित्रपट-सीरियलींकडे वळलो आणि गेल्या महिन्यात दोन डीव्हीडी मागवल्या. पहिली ‘झोरोज फायटिंग लीजन’ (१९३९), दुसरी ‘झोरो राइड्स अगेन’ (१९३७). पहिलीत बारा भाग आहेत, पण शेवटाकडच्या एका भागात आधी पाहिलेलीच दृश्ये पुन्हा येतात. शिवाय प्रत्येक भागाच्या आरंभी मागच्या भागाचा शेवट पुन्हा दाखवला जातो आणि तो कधी कधी थोडा निराळा असतो. रात्रीच्या प्रसंगांत काळ्या पोशाखातला झोरो अंधारात इतका मिसळून जातो की कोण कोणाशी लढत आहे हेच कळत नाही. दुसरी तबकडी तर एक तास आठ मिनिटांत संपते. या तबकड्या सदोष समजून परत कराव्यात का, आणि पुढची खरेदी करताना नेमके काय तपासावे?

जुनी रिळे

पहिल्या दोन गोष्टींत तबकडीचा काहीही दोष नाही. या सीरियल दर आठवड्याला एक भाग याप्रमाणे चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवल्या जात. पहिला भाग साधारण अर्ध्या तासाचा आणि पुढचे प्रत्येकी सतरा मिनिटांच्या आसपास असत. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी रिपब्लिक एखाद्या भागात पात्रांना एकत्र बसवून आधीच्या घटनांची उजळणी करून घेत असे, म्हणजे नव्याने चित्रित करावा लागणारा मजकूर अगदी थोडा उरे. तुम्ही पाहिलेला भाग त्यांपैकीच आहे.

भागाच्या आरंभीचा पालटलेला शेवट हीसुद्धा त्या काळची मान्य रीत होती. मागच्या भागात गाडी नायकासह दरीत कोसळलेली दिसते, पुढच्या भागात त्याच प्रसंगात एक नवे दृश्य येते आणि नायकाने क्षणभर आधी उडी मारलेली असते. आठवडाभराच्या अंतराने पाहणाऱ्या मुलांना तो फरक जाणवत नसे, सलग पाहणाऱ्याला लगेच खटकतो. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की एका बैठकीत एक किंवा फार तर दोन भाग पाहावेत. विल्यम विटनी आणि जॉन इंग्लिश या दिग्दर्शकद्वयाने प्रत्येक भागाची चढण स्वतंत्रपणे बांधलेली आहे, आणि यकिमा कनट यांनी झोरोच्या जागी धावत्या घोड्यांवर आणि गाडीवर केलेले स्टंट पाहताना आजही श्वास रोखला जातो. बारा भाग सलग पाहिले तर हे सगळे एकाच गोंगाटात बुडून जाते.

दुसरी तबकडी मात्र तुम्हाला हवी असलेली वस्तू नाही. ‘झोरो राइड्स अगेन’ची काटछाट करून १९५९ साली एक सलग चित्रपट काढण्यात आला आणि त्याची लांबी तुम्ही सांगता तेवढीच आहे. मूळ सीरियल बारा भागांची आहे. वेष्टनावर ती सीरियल असल्याचे छापले असेल, तर परत करण्यास पुरेसे कारण आहे.

सोनसावली

अंधाराविषयी लिहितो, कारण माझ्या मते खरेदीचा सगळा प्रश्न तिथेच आहे. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार प्रताधिकार अठ्ठावीस वर्षांचा असे आणि मुदत संपताना त्याचे नूतनीकरण करावे लागे. अनेक जुन्या चित्रपटांच्या बाबतीत ते झालेच नाही. असा चित्रपट कोणालाही विकता येतो, त्यामुळे कंपन्या हाताशी येईल ती प्रत वापरतात, आणि ती पुष्कळदा १६ मिमीच्या, म्हणजे अरुंद फितीच्या, प्रतीवरून काढलेल्या प्रतीची प्रत असते. प्रत्येक नकलेत राखाडी छटा कमी होत जातात, काळे अधिक काळे होते आणि पांढरे जळून जाते. इतर चित्रपटांत हे सोसता येते, परंतु ज्याचा नायकच काळा मुखवटा आणि काळा झगा घालून रात्री वावरतो, त्या चित्रपटाचे त्यात सर्वस्व जाते. चांगल्या ३५ मिमी, म्हणजे चित्रपटगृहातल्या रुंद फितीच्या, प्रतीत झग्याच्या घड्या आणि मुखवट्यामागचे डोळे स्पष्ट दिसतात.

त्यामुळे वेष्टनावर ब्ल्यू-रे लिहिले आहे की डीव्हीडी, याला मी दुय्यम मानतो. मूळ प्रत कोणती वापरली हे आधी शोधावे. याच दिग्दर्शकद्वयाची ‘अॅडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल’ (१९४१) २०१७ साली किनो लॉर्बर या कंपनीने ब्ल्यू-रेवर आणली. तिच्या नायकाला मुखवटा नाही, तरीही तुलनेसाठी ती एकदा अवश्य पाहावी.

जाता जाता एक व्यावहारिक सूचना : तबकड्या बहुधा जगाच्या ठरावीक विभागातील यंत्रांसाठीच काढलेल्या असतात. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात आणि अमेरिका पहिल्या विभागात येते, तर ब्ल्यू-रेसाठी आपला विभाग सी आणि त्यांचा ए आहे. मागवण्यापूर्वी आपले यंत्र ती तबकडी वाचते का, याची खात्री करून घ्यावी.

वाळवंटातील वाट

वरील मताला एक पुरवणी जोडतो. काही वेळा खराब प्रत हीच उपलब्ध असलेली सर्वांत चांगली प्रत असते. ‘द लोन रेंजर’ (१९३८) ही पंधरा भागांची सीरियल बरीच वर्षे हरवली असेच मानले जाई, आणि पुढे ती परभाषेतील उपशीर्षके असलेल्या प्रतींतून पाहायला मिळाली. पाच तरुणांपैकी मुखवट्याआड कोण आहे हे शेवटपर्यंत गुप्त ठेवणारी ती सुंदर रचना आहे, त्यामुळे तिच्या पडद्यावरची अक्षरे मी आनंदाने सोसतो.

दुसरी तपासणी संवादांची करावी. कोलंबिया या चित्रपटसंस्थेच्या ‘बॅटमॅन’ सीरियलमध्ये (१९४३) युद्धकाळातील जपानीविरोधी वंशद्वेष उघडपणे आहे, व्हिडिओ कॅसेटवर आणताना ते संवाद बदलण्यात आले होते आणि २००५ च्या डीव्हीडीवर मूळ संवाद परत आले. ते संवाद ऐकताना मला लाज वाटते, तरीही चित्रपट ज्या काळात घडला त्याचा पुरावा पुसून टाकणे मला पटत नाही. मुलांना दाखवणार असाल, तर आधी स्वतः पाहून घ्यावे. त्यांच्यासाठी वेताळाची ‘द फँटम’ (१९४३) मला अधिक जवळची वाटते, कारण टॉम टायलर त्या पोशाखात अगदी चित्रकथेतून उतरल्यासारखे दिसतात.

पारंबी

सर्वांचे मनापासून आभार. दुसरी तबकडी पुन्हा लावून पाहिली. तिच्यात भागांची शीर्षकपाटी एकदाही येत नाही आणि वेष्टनावर मात्र ‘संपूर्ण सीरियल’ असे छापले आहे, म्हणून ती आज परत पाठवली. ‘फायटिंग लीजन’ ठेवून घेतो आहे, पण अधिक चांगल्या प्रतीवरून काढलेली तबकडी मिळेपर्यंत तिचे उरलेले भाग थांबवले आहेत. तशी तबकडी कोणाच्या पाहण्यात असल्यास, रात्रीच्या एखाद्या प्रसंगात मुखवट्याची कड दिसते का, तेवढे कृपया कळवावे.