मदत हवी आहे : काजव्यांना त्रास न देता ते कसे पाहावेत?

सर्वांना नमस्कार. मेअखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात काजवे दिसतात, आणि यंदा आई व दोन लहान भाच्यांना घेऊन भंडारदरा परिसरात एक रात्र राहण्याचा आमचा विचार आहे. काजव्यांचे लुकलुकणे हा मीलनाचा संकेत असतो. गाड्यांचे दिवे, विजेऱ्या आणि मोबाइलचे फ्लॅश यांच्या झगमगाटात तो हरवतो, शिवाय काही जातींत मादीला उडता येत नसल्याने झाडाखाली गर्दी झाली की ती पायदळी तुडवली जाते. त्यामुळे शनिवार-रविवार आम्ही टाळणारच आहोत.

घाटघर, रतनवाडी किंवा साम्रद यांपैकी कोणत्या गावात घरगुती मुक्काम करून, गाडी तिथेच ठेवून, स्थानिक वाटाड्यासोबत पायी जाता येईल? हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी काजव्यांची झाडे वाटेवरूनच दिसली तर उत्तम, कारण आईला अंधारात चढउतार जमणार नाही. विजेरीवर लाल जिलेटिन कागद लावून पावलापुरता उजेड घेतला तर चालेल, की तोही टाळावा? वनखात्याने रात्रीच्या प्रवेशाच्या वेळा किंवा शुल्क यांत यंदा काही बदल केले असल्यास, नुकतेच जाऊन आलेल्यांनी कृपया कळवावे.