घरी अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि त्यांची काळजी घेणारे : अभ्यासासाठी अनुदान कुठून मिळेल?

शुश्रूषा_गडहिंग्लज

नमस्कार मंडळी. आमचा नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे. गडहिंग्लज, आजरा आणि भुदरगड तालुक्यांत अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना घरी जाऊन नर्सिंग सेवा देतो. आता एक अभ्यास करायचा आहे: घरात काळजी घेणाऱ्या व्यक्तीवर (बहुतेक ठिकाणी सून किंवा बायको) किती ताण येतो, आणि महिन्यातून दोनदा नर्सची भेट झाली तर तो कमी होतो का? अंदाजे खर्च ८ लाख, मुदत १८ महिने.

आमच्याकडे बारा-ए व ८०-जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) आणि दर्पण क्रमांक (नीती आयोगाच्या पोर्टलवरची स्वयंसेवी संस्थांची नोंदणी) आहे. एफसीआरए (परदेशी निधी घेण्याची नोंदणी) नाही, डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता नाही. माणसं म्हणाल तर एक एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर), दोन जीएनएम (पदविकाधारक) नर्स आणि एक मानद एमबीबीएस डॉक्टर. पीएचडी कुणाचीच नाही. अर्ज कुठे करावा आणि आधी काय तयार ठेवावं?

---

जनआरोग्य_कोल्हापूर

ताई, तुमच्या एका वाक्यात दोन अभ्यास आहेत, ते आधी सोडवा. ताण किती आहे हे मोजणं म्हणजे सर्वेक्षण. भेटींनी तो कमी होतो का हे तपासणं म्हणजे हस्तक्षेप चाचणी. चाचणीला तुलनेचा गट लागतो, आणि पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीवर) नोंदणी करावी लागते. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी स्वीकारत नाहीत. ८ लाखांत आणि १८ महिन्यांत दोन्ही बसणार नाहीत. प्रस्ताव वाचणाऱ्यांना हे पहिल्याच पानावर दिसतं आणि प्रस्ताव तिथेच पडतो. सर्वेक्षण आत्ता करा. त्याचे निष्कर्ष हाताशी आले की चाचणीचा अर्ज कितीतरी भक्कम होईल.

आता अर्ज कुणी करायचा. आयसीएमआरला (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला) प्रमुख संशोधक संस्थेत कायम नोकरीला असलेला लागतो, आणि खासगी न्यासाला डीएसआयआरची मान्यता लागते. ती मिळवण्यात वेळ घालवू नका, यजमान संस्था शोधा. कोल्हापुरात पर्याय आहेत: शिवाजी विद्यापीठाचे सामाजिक शास्त्रांचे विभाग, सायबर या संस्थेचा एमएसडब्ल्यू विभाग, आणि राजर्षी शाहू शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय यांचे जनवैद्यकशास्त्र विभाग. प्रमुख संशोधक तिथला प्राध्यापक, सहसंशोधक तुमची एमएसडब्ल्यू कार्यकर्ती, आणि न्यास क्षेत्रकामाचा भागीदार. सामंजस्य करारात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: माहिती कुणाच्या ताब्यात राहणार, शोधनिबंधात नावं कोणत्या क्रमाने येणार, आणि न्यासाला पैसे कोणत्या शीर्षाखाली व किती दिवसांत मिळणार. हे तोंडी ठेवलं तर वर्षभरात संबंध बिघडतात.

दार कुठलं ते प्रश्नावरून ठरतं. कुटुंब, स्त्रियांवरचा विनामोबदला कामाचा भार, शेतमजुरी बुडणं हा गाभा असेल तर आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद). त्यांच्या संशोधन प्रकल्पाच्या चौकटीत तुमचं सर्वेक्षण नीट बसतं. शय्याव्रण, पडणं, रुग्णालयात भरती होणं हा गाभा असेल तर आयसीएमआर. तोच मसुदा दोन्हीकडे पाठवू नका. दुसरीकडे अर्ज केलेला नाही असं हमीपत्र द्यावं लागतं.

नमुना किती? ताणाचं प्रमाण आधी माहीत नसेल तर ५० टक्के धरा. चूक अधिक-उणे ५ टक्के, विश्वासपातळी ९५ टक्के घेतली की ३८५ येतात. सुटी घरं न निवडता गावंच निवडणार (एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात) म्हणून दीडपट केली की ५७८, आणि १० टक्के घरं नकार देतील किंवा बंद मिळतील हे धरलं की ६४३. हे तुमच्या पैशात होणार नाही. चूक ७ टक्क्यांपर्यंत वाढवली तर १९६, दीडपट २९४, नकार धरून ३२७. हे जमेल. मात्र ७ टक्के का घेतले हे प्रस्तावात एका वाक्यात मांडा, नाहीतर परीक्षक विचारणारच.

आणि नमुना तुमच्या रुग्णांच्या यादीतून काढू नका. ज्यांना आधीच सेवा मिळते त्यांचा ताण बाकीच्यांसारखा नसतो, म्हणजे निष्कर्ष तिथेच वाकडा होतो. जनगणनेच्या गावयादीतून लोकसंख्येच्या प्रमाणात गावं निवडा आणि प्रत्येक गावात आशाताईंच्या मदतीने अंथरुणावरच्या वृद्धांची नवी यादी करा. एका गावात अशी घरं थोडीच निघतात. म्हणून आधी दोन-तीन गावांत यादी करून बघा, म्हणजे किती गावं घ्यावी लागतील ते कळेल.

---

नीतिसमिती_काम

जनआरोग्य यांनी सीटीआरआय सांगितलं, मी नीतिशास्त्र समितीबद्दल सांगते, कारण या विषयात खरी अडचण तिथे येते.

समिती आरोग्य संशोधन विभागाकडे, म्हणजे नैतिक पोर्टलवर नोंदलेली असावी. २०१९ च्या नियमांपासून जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधन तपासणाऱ्या समित्यांना हे बंधनकारक आहे. समितीत किमान ७ सदस्य लागतात, बैठकीला किमान ५ हजर लागतात, आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. न्यासाने स्वतःची समिती उभी करण्याच्या भानगडीत पडू नये, यजमान संस्थेचीच वापरावी. बैठका दर आठवड्याला होत नाहीत. पुढची तारीख आणि कागद देण्याची मुदत आजच विचारून ठेवा.

तुमच्या अभ्यासात समिती काय विचारेल? पहिला प्रश्न: सुनेची मुलाखत सासूच्या खोलीत घेणार का? तशी घेतली तर "काही त्रास नाही" हेच उत्तर मिळेल. परसात, शेजारच्या घरी किंवा अंगणवाडीत, कुठे बोलणार ते लिहा. त्या वेळात रुग्णाजवळ कोण बसणार तेही लिहा, म्हणजे एका घराला दोन माणसं लागतात. दुसरा प्रश्न: मुलाखतीत वृद्धाला मारहाण किंवा उपाशी ठेवणं दिसलं, किंवा काळजी घेणारी बाई जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलली, तर काय? याची लेखी कार्यपद्धती जोडा: त्याच दिवशी कुणाला कळवायचं, टेलि-मानसचा (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे क्रमांक छापलेला कागद प्रत्येक घरी द्यायचा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवायची चिठ्ठी. हे नसेल तर प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत येतो आणि एक बैठक हुकते.

रुग्णाची काही माहिती घेणार असाल आणि त्याला स्मृतिभ्रंश असेल तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती हवी. वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठा आणि निःपक्ष साक्षीदाराची सही. हा साक्षीदार तुमच्या न्यासाचा माणूस चालणार नाही. गडहिंग्लजच्या सीमेकडच्या गावांत कन्नड बोलणारी घरं आहेत, त्यामुळे माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठी व कन्नड दोन्हींत सादर करा. उलट भाषांतर (ताडून बघण्यासाठी परत मूळ भाषेत) दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्या.

जिल्हा परिषदेचं परवानगीपत्र वेगळं लागतं. नागाळा पार्कात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्यायचा, प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. ते पत्र हातात असलं की आशा आणि आरोग्य केंद्रं सहकार्य करतात. आशाताईंच्या वेळेचा मोबदला अंदाजपत्रकात धरा. त्यांना फुकट राबवणं योग्य नाही.

---

हिशेब_शाहूपुरी

अंदाजपत्रकाचं सांगतो. ८ लाख हा आकडा आधी ठरवून खर्च त्यात कोंबलाय असं वाटतंय. उलटं करा की. कामापासून सुरू करा.

३२७ घरं, एक मुलाखत तास-सव्वा तास, भुदरगडच्या वाड्या-वस्त्या लांब लांब. एका माणसाच्या दिवसाला चारच मुलाखती होतात. रुग्णाजवळ आशाताई बसतील असं धरून दोन कार्यकर्ते घेतले तर कागदावर ४१ दिवस. पण नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडीचा हंगाम, बायका दिवसा शेतात, म्हणजे भेट संध्याकाळी. जुलै-ऑगस्टात पावसानं रस्ते बंद पडतात. बंद घराला दुसरी फेरी. शिवाय आधी गावयादी करायचं काम. म्हणून चार महिन्यांचा पगार धरा. आयसीएमआरच्या दराने प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट-दोन या पदाला महिना २०,००० अधिक घरभाडं. घरभाडं गावाच्या वर्गावर ठरतं: कोल्हापूर शहर वाय वर्गात येतं, गडहिंग्लज झेडमध्ये, तेव्हा नेमणुकीचं ठिकाण आदेशात लिहा. झेडचा १० टक्के धरला तर दोघांचे चार महिन्यांचे १,७६,००० होतात. आयसीएसएसआरकडे गेलात तर त्यांच्या जाहिरातीतले दर घ्या. एका संस्थेचे दर दुसरीला लावले की छाननीत कापतात.

लोक विसरतात ते खर्च: उलट भाषांतर, प्रश्नावलीच्या परवान्याची फी, घरोघर द्यायचे कागद, सनदी लेखापालाची फी. टॅबलेट मागू नका. कोबोटूलबॉक्स (मुलाखतीची माहिती भरण्याचं ॲप) फुकट आहे, साध्या अँड्रॉइड फोनवर नेटवर्क नसताना चालतं.

पैसे येताना काय होतंय ते बघा. मंजुरी मिळाली तरी रक्कम एकदम येत नाही, हप्ते असतात, आणि आयसीएसएसआरचा शेवटचा हप्ता अंतिम अहवाल स्वीकारल्यावर. तोवर कार्यकर्त्यांचा पगार कोण देणार हे यजमान संस्थेकडून लेखी घ्या. ट्रेझरी सिंगल अकाउंटमधून (सरकारी तिजोरीच्या एकाच खात्यातून) खर्चाची मर्यादा आली असेल तर ३१ मार्चला न वापरलेली रक्कम परत जाते. फेब्रुवारीत मंजुरी आली तर पुढच्या वर्षी तरतूद चालू ठेवण्याचं पत्र लगेच पाठवा.

उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर (केंद्राचे वित्तीय नियम) १२-ए नमुन्यात. खात्यावर व्याज जमा झालं तर ते दाखवून भारतकोशवर (सरकारच्या ऑनलाइन भरणा पोर्टलवर) परत भरायचं. व्याज खर्चात धरलं म्हणून पुढचा हप्ता अडकणं ही नेहमीची गोष्ट. प्रवासाच्या शीर्षातली रक्कम पगाराला वळवायची तर आधी परवानगी, नंतर खर्च.

---

शुश्रूषा_गडहिंग्लज

सगळ्यांचे मनापासून आभार. सर्वेक्षणच आधी करायचं ठरवतो. दोन शंका: शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) यात वापरता येईल का? आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्ट किंवा एनआयएचआरकडे (दोन्ही आरोग्य संशोधनाला निधी देणाऱ्या संस्था) जावं का?

---

सीएसआर_मार्ग

सीएसआर येईल, पण संशोधन म्हणून मागू नका. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत संशोधनाचं कलम मुख्यतः सरकारी निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांसाठी आणि ठरावीक संस्थांसाठी आहे. तुम्ही आरोग्यसेवेच्या कलमाखाली या: भेटी, शय्याव्रणाची ड्रेसिंग, हवेची गादी, काळजी घेणाऱ्यांचं प्रशिक्षण. म्हणजे सेवेचा खर्च सीएसआरमधून आणि अभ्यासाचा अनुदानातून. हिशेब दोन वेगळ्या खात्यांत ठेवा.

सीएसआर-१ नोंदणी (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची) झाली आहे का बघा. १ एप्रिल २०२१ पासून तिच्याशिवाय कंपनी पैसे देऊ शकत नाही. ज्या कंपनीचा सीएसआर वर्षाला ५० लाखांपर्यंत आहे तिला वेगळी समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. आपल्याकडच्या मध्यम फाउंड्र्यांना अर्ज करताना हे लक्षात ठेवा: पत्र संचालकांच्या नावे, दोन पानी, गावांची नावं आणि दर घरामागचा खर्च दिलेला. एप्रिल ते जून या काळात जा. मार्चमध्ये उरलेला पैसा मिळतो, पण तो एकदाच.

परदेशी निधी सध्या बाजूला ठेवा. एफसीआरए नोंदणीला तीन वर्षांचं काम आणि त्या काळात मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख खर्च दाखवावा लागतो. ती झाली की दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी एका संस्थेकडून दुसरीकडे देता येत नाही, त्यामुळे एफसीआरए असलेल्या यजमान संस्थेकडे पैसे आले तरी तुमचा वाटा न्यासाच्या खात्यात वळवता येणार नाही. परदेशी संस्थेबरोबर आरोग्य संशोधन करायचं तर आरोग्य मंत्रालयाच्या तपासणी समितीची मंजुरीही लागते. ८ लाखांच्या कामाला हा व्याप परवडत नाही.

---

जनआरोग्य_कोल्हापूर

प्रश्नावलीबद्दल एक राहिलं. ताणासाठी झारिटची २२ प्रश्नांची मापनपट्टी वापरणार असाल (प्रत्येक प्रश्नाला ० ते ४, एकूण ८८) तर परवाना मापी रिसर्च ट्रस्टकडून घ्यावा लागतो. मराठी आवृत्तीची मागणी त्याच अर्जात करा. नेटवर सापडलेलं भाषांतर वापरलं तर शोधनिबंध छापताना अडतो. रुग्ण किती परावलंबी आहे हे बार्थेल निर्देशांकाने मोजा, १० बाबी, ० ते १००. तो नसेल तर जास्त ताण रुग्णाच्या अवस्थेमुळे आहे की घरच्या परिस्थितीमुळे, हे सांगता येणार नाही.

आणि यजमान प्राध्यापकांकडे जाताना सगळा प्रस्ताव नेऊ नका. दोन पानं न्या: प्रश्न, तीन तालुके, ३२७ घरं, कुणाचं काम काय, आणि तुमच्या नर्सना ही गावं किती ओळखीची आहेत. विभागांना क्षेत्रात पोचणारी भरवशाची माणसं हवीच असतात, तुमची बाजू तिथे मजबूत आहे.